शेक नको म्हणाले, म्हणजे उपचार अर्धवट राहिला का?

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून ते थोडक्यात असं:

त्यांची तेरा वर्षांची मुलगी आठवीत आहे. मानेला गाठ आली, रोज संध्याकाळी ताप यायला लागला, वजन उतरलं. टीबी समजून चार महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालली. तरी गाठ वाढतच गेली, तेव्हा बायोप्सी केली आणि हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला, दुसरी स्टेज. मुंबईत केमोच्या दोन सायकल झाल्या. नंतरचा पेट स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, छान प्रतिसाद आहे, आता आणखी दोन सायकल, रेडिएशनची, म्हणजे शेकाची, गरज नाही. यावरून घरात वाद सुरू झाला आहे. थोरले दीर म्हणतात, "चार सायकलमध्ये कुठं कॅन्सर बरा होतो? पैशाचं मी बघतो, शेकपण द्यायला लावा." त्यांच्यापुढं उदाहरण घरातलंच आहे. त्यांच्या चुलत बहिणीला १९९६ साली, सोळाव्या वर्षी हाच आजार झाला होता. मानेवर आणि छातीवर शेक दिला आणि आज त्या सुखानं संसार करत आहेत. त्यांना थायरॉइडची गोळी रोज लागते आणि अलीकडे जिना चढताना धाप लागते, एवढंच. मुलीच्या रिपोर्टमध्ये अजून १.८ सेंटिमीटरची गाठ शिल्लक दिसते, त्यानंही आईचा जीव टांगणीला लागला आहे. सासूबाई म्हणतात, पोरीला आजाराचं नाव सांगू नका आणि उपचार संपले की फाईल जाळून टाका, नाहीतर उद्या लग्न जमायचं नाही. आई विचारतात: डॉक्टरांकडे शेकाचा आग्रह धरावा का? आणि मुलीपासून हे सगळं लपवावं का?

ताई,

"उपचार कमी पडले म्हणून नंतर पस्तावायला नको," हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. जितका उपचार जास्त तितकी खात्री जास्त, हे त्यात धरून चाललेलं आहे. तुमचे दीरही हेच धरून बोलत आहेत आणि त्यांच्या बोलण्यामागं माया आहे, हे मला दिसतंय. बहुतेक घरांत हाच विचार असतो. एके काळी डॉक्टरांचाही तोच होता. तो बदलला कसा, हे आधी सांगते, कारण तुमच्या मुलीच्या उपचाराचा कागद त्याच बदलातून आला आहे.

हॉजकिन हा एके काळी जवळजवळ हमखास जीव घेणारा आजार होता. अमेरिकेत स्टॅनफर्डला हेन्री कॅप्लन यांनी मान, काखा आणि छाती एकत्र धरून जोरदार रेडिएशन देण्याची पद्धत बसवली. त्याच सुमाराला, १९६० च्या दशकात, व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधं एकत्र देऊन दाखवून दिलं की पसरलेला हॉजकिनसुद्धा केमोनं बरा होतो. माणसं वाचायला लागली. मुलंही वाचायला लागली, पण त्यांना मोठ्या माणसांइतकाच शेक मिळत होता, ३५ ते ४४ ग्रे (ग्रे हे शेकाच्या मात्रेचं माप).

त्याचा हिशेब दहा, वीस, तीस वर्षांनी समोर आला. वाढीच्या वयात शेक बसलेली हाडं वाढायची थांबली, मान बारीक आणि खांदे अरुंद राहिले. थायरॉइड मंदावली. चाळिशीच्या आत हृदयाच्या झडपा आणि रक्तवाहिन्या खराब झाल्या. ज्या मुलींच्या छातीवर शेक बसला होता त्यांच्यापैकी कितीतरी जणींना ऐन तिशीत-चाळिशीत स्तनाचा कर्करोग झाला. त्या वेळच्या केमोतलं एक औषध, प्रोकार्बाझिन, मुलग्यांना वंध्यत्व देऊन जायचं. अमेरिकेत १९९४ पासून बालपणी कॅन्सरमधून वाचलेल्या हजारो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा होतो आहे, आणि हे सगळं त्या लोकांच्या शरीरांवरून कळलेलं आहे. एवढी किंमत मोजून मिळालेली माहिती आहे ही.

तुम्ही ऊस पिकवता, म्हणून त्यातलंच सांगते. पाटाचं पाणी मुबलक आहे म्हणून देत राहिलं तर पहिली काही वर्षं ऊस जोमानं येतो. पुढं जमीन क्षारपड होते आणि मग त्यात काही उगवत नाही. नुकसान त्या हंगामात दिसत नाही, म्हणून पाणी जास्त झालं हे कुणाला पटत नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या छातीवर दिलेला शेक असाच आहे. पुढच्या वर्षी ती ठणठणीत दिसेल. हिशेब तिच्या पस्तिशीत, चाळिशीत मांडावा लागतो, आणि मुलांचे कॅन्सरतज्ज्ञ आज उपचार ठरवताना त्या चाळिशीच्या बाईचाही विचार करतात.

आता तुमच्या दिरांची खरी शंका: कमी केलं तर आजार परत येणार नाही कशावरून? शंका रास्त आहे. डॉक्टरांनी हे अंदाजानं कमी केलं असतं तर मीही तुमच्या दिरांच्या बाजूनं उभी राहिले असते.

जर्मनी-ऑस्ट्रियातल्या बालकॅन्सरतज्ज्ञांनी हे पायरी-पायरीनं केलं. १९९५ साली सुरू झालेल्या अभ्यासात त्यांनी ठरवलं की केमोनंतर गाठ पूर्ण विरघळली तर शेक द्यायचा नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या मुलांचं त्यात काही बिघडलं नाही. पण मधल्या आणि पुढच्या टप्प्यातल्या, शेक न दिलेल्या मुलांमध्ये आजार जास्त वेळा परतला. म्हणून पुढच्या अभ्यासात त्यांनी त्या मुलांना शेक पुन्हा सुरू केला. हे दिरांना मुद्दाम सांगा. जिथं जमलं नाही तिथं माघार घेतली गेली.

मग पेट स्कॅन हाताशी आला, आणि कुणाचा आजार खरोखर विझलाय ते आधीपेक्षा नीट कळायला लागलं. २००७ ते २०१३ या काळात युरोपातल्या १६ देशांत दोन हजारांहून जास्त मुलांवर 'युरोनेट' गटाचा मोठा अभ्यास झाला. पद्धत अशी: पहिल्या दोन सायकल जोरदार द्यायच्या, लगेच पेट करायचा, प्रतिसाद पुरेसा असेल तर उरलेली केमो पूर्ण करायची आणि शेक द्यायचा नाही. प्रतिसाद पुरेसा नसेल तर शेक द्यायचा. मधल्या आणि पुढच्या टप्प्यातली जी मुलं शेकाविना राहिली, त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के पाच वर्षांनंतरही आजाराशिवाय होती. तुमची मुलगी दुसऱ्या स्टेजची असली तरी तिला ताप होता, वजन उतरलं होतं, त्यामुळं ती मधल्या टप्प्यात मोडते. म्हणजे हा आकडा तिच्यासारख्या मुलांचाच आहे.

उरलेल्या दहा टक्क्यांविषयीही बोलू, कारण रात्री झोप उडते ती त्यांच्यामुळं. आजार परतू शकतो. शेक दिलेल्या मुलांमध्येही तो परततो, शेक ही काही हमी नाही. आणि हॉजकिन परतला तरी पुढचे उपचार असतात, त्यांनी बहुतेक मुलं पुन्हा बरी होतात. आज न वापरलेला शेक अशा वेळी हाताशी राहतो. शंभर मुलांना आधीच शेक देऊन ठेवायचा, की ज्या थोड्या मुलांना लागेल त्यांनाच द्यायचा, असा हा प्रश्न आहे. तुमच्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग निवडलाय. मलाही तोच बरोबर वाटतो.

रिपोर्टमधल्या त्या १.८ सेंटिमीटरकडे येते. हॉजकिनच्या गाठीत कॅन्सरच्या खऱ्या पेशी फार थोड्या असतात, बऱ्याचदा शंभरात एखादी. बाकी सगळा गोतावळा सूज आणणाऱ्या साध्या पेशींचा आणि तंतूंचा. कॅन्सरच्या पेशी मेल्या तरी तो सांगाडा लगेच विरघळत नाही. म्हणून गाठीची लांबी-रुंदी पाहून काही ठरत नाही, ती 'पेटते' का हे पाहावं लागतं. पेट स्कॅनच्या आधी शिरेतून किरणोत्सर्गी साखर देतात. जिवंत कॅन्सर पेशी ती हावऱ्यासारखी खातात आणि चित्रात चमकतात. चमक किती, हे यकृताच्या चमकेशी ताडून १ ते ५ गुण देतात. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत तळाशी 'डोव्हिल स्कोअर ३' असं आहे, ते हेच. ३ म्हणजे गाठीची चमक यकृतापेक्षा जास्त नाही. दोन सायकलनंतर १ ते ३ हा सहसा पुरेसा प्रतिसाद धरतात. ४ किंवा ५ असता तर आपलं आजचं बोलणं वेगळं झालं असतं.

दुसऱ्या फोटोत डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या ओळीत 'ओईपीए' लिहिलंय आणि पुढच्या सायकलसाठी 'कॉपडॅक'. ही औषधांच्या संचांची छोटी नावं आहेत, आणि कमी करण्याचं काम त्यांतही झालेलं आहे. ते लाल औषध, ज्यानं लघवी लाल होते आणि मुलं घाबरतात, त्याचं नाव डॉक्सोरुबिसिन. ते हृदयाच्या स्नायूला त्रास देतं आणि आयुष्यभरात एकूण किती गेलं याचा हिशेब ठेवावा लागतो. मोठ्यांसाठी अनेक वर्षांपासून वापरात असलेल्या एबीव्हीडी या पद्धतीच्या सहा सायकलमध्ये ते दर चौरस मीटरमागं ३०० मिलिग्रॅम जातं. तुमच्या मुलीला ओईपीएच्या दोन सायकलमध्ये १६० गेलं, आणि कॉपडॅकमध्ये ते अजिबात नाही. फुप्फुसाला त्रास देणारं ब्लिओमायसिन तिच्या यादीतच नाही. वंध्यत्व आणणाऱ्या प्रोकार्बाझिनची जागा डकार्बाझिननं घेतली आहे. हा बदल आधी मुलग्यांसाठी करून पाहिला होता, नंतर मुलींनाही लागू केला.

तेव्हा दिरांच्या त्या प्रश्नाला, चार सायकलमध्ये कॅन्सर बरा होतो का, याला उत्तर असं: हा कॅन्सर, या टप्प्यावर, असा प्रतिसाद आल्यावर, होतो. अट एकच. ठरलेलं सगळं वेळेवर पूर्ण व्हायला हवं. इथं मी कठोर बोलणार आहे. पेट स्वच्छ आला म्हणून उरलेल्या दोन सायकल टाळणारी, किंवा लग्नसराई, सुगी, परीक्षा म्हणून पुढं ढकलणारी घरं असतात. डॉक्टरांनी विचार करून कमी केलेला उपचार वेगळा आणि घरच्यांनी मध्येच सोडलेला उपचार वेगळा. अर्धवट म्हणायचं ते दुसऱ्याला. त्या नव्वद टक्क्यांमध्ये बसायचं तर कॉपडॅकच्या दोन्ही सायकल तारखेला व्हायला हव्यात.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरात मुलाच्या डॉक्टरांनी शेक लागेल असं सांगितलं असेल, तर माझ्या या उत्तराचा आधार घेऊन नाही म्हणू नका. प्रतिसाद अपुरा असेल तिथं शेक लागतो आणि तो जीव वाचवतो. आणि आजचा शेक १९९६ चा राहिलेला नाही. मुलांना आता साधारण २० ग्रेच्या आसपास देतात, कधी एखाद्या जागी थोडा वाढवतात, आणि आख्खी छाती न धरता जिथं आजार होता तेवढाच भाग धरतात. हृदय किंवा स्तन अगदी लगत असेल तर प्रोटॉनच्या, म्हणजे आजूबाजूला कमी पसरणाऱ्या, शेकाचा उपयोग होईल का, हे विचारता येतं. नवी मुंबईत खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक केंद्रात ती सोय आहे. लिम्फोमाचे प्रकारही अनेक. बर्किटसारख्या नॉन-हॉजकिन प्रकारात मुलांना मुळात शेक फारसा देतच नाहीत. तिथं केमोला रिटुक्सिमॅब हे औषध जोडल्यावर जोखमीच्या गटातल्या मुलांचे निकाल बरेच सुधारले आहेत. त्यामुळं शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा कागद आपल्या मुलाला लावू नका.

दिरांनी तुम्हाला पाठवलेल्या इम्युनोथेरपीच्या बातमीविषयीही तुम्ही विचारलंय. बातमी खरी आहे. ब्रेंटुक्सिमॅब हे औषध कॅन्सर पेशीवरची खूण ओळखून नेमकं तिथं विष पोचवतं. अमेरिकेतल्या जास्त जोखमीच्या मुलांच्या अभ्यासात, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, ते केमोत मिसळल्यावर तीन वर्षांनी आजाराशिवाय असलेल्यांचं प्रमाण ८२ वरून ९२ टक्क्यांवर गेलं. दुसरं निवोलुमॅब, जे आपल्याच प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करतं. बारा वर्षांपुढच्या, तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या रुग्णांमध्ये २०२४ साली त्याचे निकाल आले. निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी ९२ टक्के दोन वर्षांनी आजाराशिवाय होते, ब्रेंटुक्सिमॅब मिळालेल्यांपैकी ८३. आणि त्या अभ्यासात शेक लागलेले शंभरात एकाहूनही कमी होते. मला या बातमीचा मनापासून आनंद आहे. पण तुमच्या मुलीचा टप्पा तो नाही, आणि तिला साध्या औषधांनीच उत्तम प्रतिसाद मिळालाय. या नव्या औषधांचा पाठपुरावाही अजून काही वर्षांचाच आहे, तीस वर्षांनी काय होतं ते कळायला तीस वर्षं जावी लागतील. दिरांना सांगा, हे दार बंद नाही. उद्या गरज पडली तर ही औषधं उपलब्ध आहेत.

आता तुमच्या चुलत नणंदबाई. पत्रात त्यांच्यावर तुम्ही दोन ओळी खर्च केल्या आहेत आणि मला मात्र त्याच ओळींची सगळ्यात जास्त काळजी वाटली. घरात त्यांच्याकडे शेकाचं यश म्हणून पाहिलं जातं. ते आहेच, त्या वाचल्या. पण थायरॉइडची गोळी बहुधा त्याच शेकाचा परिणाम आहे, आणि पंचेचाळिशीच्या आतबाहेर जिना चढताना लागणारी धाप वजनावर ढकलून चालणार नाही. छातीवर शेक घेतलेल्या बाईला धाप लागली की हृदयाची झडप, हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि फुप्फुस तपासायलाच हवं. या आठवड्यात त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवा, आणि सांगायचं पहिलं वाक्य हे: "१९९६ मध्ये छातीवर रेडिएशन झालंय." हे सांगितलं नाही तर डॉक्टर त्या दिशेनं विचार करणार नाहीत. दुसरं, लहानपणी छातीवर शेक झालेल्या बायकांनी वयाच्या पंचविशीपासून किंवा शेकानंतर आठ वर्षांपासून, जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी स्तनांची तपासणी करावी असा जगभरचा सल्ला आहे. मॅमोग्राफी आणि एमआरआय, दोन्ही. त्यांची ती कधीच झाली नसावी. कुणी सांगितलंच नसेल, त्यात त्यांचा दोष नाही. त्या काळात उपचार संपले, मूल वाचलं, की घरच्यांनी आणि दवाखान्यानंही सुटकेचा निःश्वास टाकला. अशा कितीतरी बायका आणि पुरुष आज तालुक्या-तालुक्यांत असतील. वाचकांपैकी कुणी असाल, तर हा परिच्छेद तुमच्यासाठीही आहे.

यावरून सासूबाईंच्या फाईल जाळण्याकडे येते. सासूबाईंना नातीच्या लग्नाची काळजी आहे, म्हणजे त्या ती जगणार असं धरून चालल्या आहेत. हे मला फार मोलाचं वाटलं, त्यांना तसं सांगा. पण फाईल जळली तर काय होईल तेही सांगा. उद्या तुमची मुलगी बाळंतपणाला जाईल तेव्हा तिला लाल औषध किती गेलंय हे डॉक्टरांना माहीत असायला हवं, कारण गरोदरपणात हृदयावर ताण वाढतो आणि अशा बाईची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधीच करून घ्यायची असते. ती फाईल तिच्या बाळंतपणाचा कागद आहे. तो जाळून आपण नातीच्या जिवाशी खेळू.

मूल होईल का, या त्यांच्या न बोललेल्या प्रश्नालाही उत्तर द्या. पोटावर शेक नाही, प्रोकार्बाझिन नाही, आणि कॉपडॅकमधल्या सायक्लोफॉस्फामाइडची मात्रा दोन सायकल मिळून थोडीच असते. एवढ्या उपचारानंतर बहुतेक मुलींची पाळी चालू राहते किंवा थोडी थांबून परत येते आणि पुढं मुलंही होतात. आत्ता केमोत पाळी चुकली तर घाबरू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. ज्या घरात वयात आलेला मुलगा आजारी आहे, त्यांनी केमो सुरू होण्याआधीच वीर्य साठवण्याविषयी विचारावं. बापांना हे बोलायला संकोच वाटतो, पण नंतर ती संधी मिळत नाही.

मुलीला सांगायचं का? ताई, तिला माहीत आहे. तेरा वर्षांची मुलगी, मुंबईत मुलांच्या कॅन्सर वॉर्डात दोन सायकल काढून आली, केस गेले, आजूबाजूच्या खाटांवरची पोरं एकमेकांशी सगळं बोलतात. तुम्ही नाव घेत नाही, त्यातून ती एवढंच शिकते की हे बोलायचं नसतं. मग उद्या मांडीच्या सांध्यात दुखायला लागलं तरी ती बोलणार नाही. आणि ते बोलायला हवं असतं, कारण तिच्या केमोबरोबरच्या स्टेरॉइडनं या वयात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. तिच्याशी एकदम सगळं बोलू नका. आधी विचारा, "तुला काय काय माहितीय?" ती जिथं थांबेल तिथून पुढं सांगा. नाव सांगा: हॉजकिन लिम्फोमा. बरा होणारा आहे हे सांगा. तुझ्यामुळं झालं नाही, कुणाला लागत नाही, हे सांगा. शेक का देत नाही आहोत हेही सांगा. या वयाच्या मुलींना छातीचा विषय आला की लाज वाटते, म्हणून हे वडिलांसमोर नको, तुम्ही दोघीच असताना बोला. गावात कुणाला किती सांगायचं हे मात्र तुमच्या घरानं आणि तिनं मिळून ठरवा. जगजाहीर करायची गरज नाही. लपवणं आणि खासगी ठेवणं यात तिचा सहभाग आहे की नाही, एवढाच फरक आहे.

उपचार संपले की डॉक्टरांकडून उपचारांचा सारांश एका पानावर मागून घ्या. आजाराचा प्रकार आणि स्टेज, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, शेक दिला नाही हे स्पष्ट लिहिलेलं, शेवटच्या पेटचा निकाल, पुढं कोणती तपासणी किती वर्षांनी. एक प्रत लॅमिनेट करून घरात, एक तिच्या नावानं फोनमध्ये. अठरा वर्षांची झाली की मूळ कागद तिच्या हातात. टाटा रुग्णालयात अशा बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा दवाखाना चालतो, एसीटी क्लिनिक म्हणतात. तुमचं रुग्णालय दुसरं असेल तर त्यांच्याकडे अशी सोय आहे का, ते शेवटच्या सायकलच्या आधीच विचारा.

पुढच्या भेटीला दिरांना बरोबर न्या. बाहेर बसवू नका, आत न्या. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारावं: पेट दुसऱ्या कुणा तज्ज्ञानं पाहिला का? कोणत्या पद्धतीनं उपचार चाललेत आणि त्यात तिचा गट कोणता? आजार परतला तर पुढची योजना काय? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. समाधान झालं नाही तर पेटची सीडी आणि बायोप्सीच्या स्लाइड घेऊन मुलांच्याच दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञांचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे. फक्त त्यासाठी सायकलची तारीख चुकू देऊ नका.

एकेटीच्या त्या चार महिन्यांचा सल मनातून काढून टाका. आपल्याकडे मानेच्या गाठीत टीबी इतका जास्त आढळतो की पहिला संशय तिकडे जाणं साहजिक आहे. मात्र वाचकांनी लक्षात ठेवावं: गाठीतून टीबी सिद्ध झालेला नसताना एकेटी चालू असेल आणि काही आठवड्यांत गाठ उतरत नसेल, किंवा वाढत असेल, तर गाठ काढून तपासायचा आग्रह धरा. सुईची तपासणी हॉजकिनमध्ये चुकू शकते.

आणि शेवटी पैशाचं. दिरांनी शेकासाठी काढून ठेवलेली रक्कम त्यांना परत करू नका, त्यांच्याशी बोलून बाजूला ठेवा. उरलेल्या दोन सायकलमध्ये पांढऱ्या पेशी खाली जातील. ताप १००.४ च्या वर गेला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजता का होईना, तासाभरात ॲंटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. तुमच्या गावाहून असं रुग्णालय किती लांब आहे, तिथं रात्री कोण असतं, गाडी कुणाची, चालक कोण, हे आजच ठरवा. त्या रुग्णालयाला मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी आधीच देऊन ठेवा. नंतर पहिली काही वर्षं दर थोड्या महिन्यांनी मुंबईच्या खेपा आहेत, मग वर्षाला एक, मधूनमधून इको. सरकारी योजनेत केमो बसते, पण या खेपांचं भाडं, राहणं, बुडालेली रोजची कामं बसत नाहीत, आणि घरं तिथंच पाठपुरावा सोडतात. दिरांच्या नावानं मुलीसाठी वेगळं खातं उघडा आणि त्या खेपांचा खर्च त्यातून करा. गाडीची जबाबदारीही त्यांच्यावरच द्या.